वाळलेल्या कानाचं माप

मेलेल्या सशाचा कान त्याच दिवशी मोजायचा. दुसऱ्या दिवशी मोजलात तर तो सशाचा कान राहत नाही, वाळक्या चामड्याचा होतो. हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. मी आठवी नापास. हे मला मामाने शिकवलं, आणि मामालाही कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. तो बघून बघून आणि शिव्या खाऊन शिकला.

आम्ही मामा-भाची कातड्यांच्या धंद्यातले. संग्रहालयात काम. लोक आम्हाला पेंढा भरणारे म्हणतात. पेंढा आता कुणी भरत नाही, कापूस भरतात. पण हे सांगून उपयोग नसतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नाक मुरडायचं असतं. कातडं सोलायचं, आतून तुरटी चोळायची (मामाच्या काळात सोमल चोळायचे, म्हणजे चक्क विष, त्यानेच त्याची नखं काळी पडली), तार घालायची, कापूस भरायचा, पोट शिवायचं, फळीवर टाचून वाळायला ठेवायचं. पण या सगळ्याच्या आधी, अंगात ऊब आहे तोवर, चार मापं घ्यायची. अंग, शेपूट, मागचा पाय, कान. ती लेबलावर लिहायची आणि लेबल मागच्या पायाला दोऱ्याने बांधायचं.

लेबलाचा आमच्यात एक कायदा आहे. एकदा बांधलेलं लेबल सोडायचं नाही, त्यावर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. चूक सापडली तर दुसरं लेबल लिहून शेजारी बांधायचं, आणि खाली दुरुस्ती करणाऱ्याने आपलं नाव आणि तारीख घालायची. पहिल्या लेबलावर मात्र नाव असतं गोळा करणाऱ्या साहेबाचं, छापील. सोलणाऱ्याच्या नावाला जागाच नाही. विसरून राहिलीय असं समजू नका. छापखान्यात नमुना गेला तेव्हा कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं आहे.

मामाने तेहेतीस वर्षं नोकरी केली. चार हजारांवर कातडी केली. प्रत्येक लेबलावर अक्षर त्याचं, नाव एकावरही नाही.

म्हणून मॅडम त्या दिवशी तळघरात येऊन जे बोलल्या, ते ऐकून माझ्या हातातली सुई खाली पडली.

मॅडम म्हणजे आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेल्या संशोधक. वय बत्तीस-तेहेतीस, चष्मा डोक्यावर, डबा खायचं भान नाही. मला 'ताई' म्हणतात. आधीचे साहेब लोक 'ए' म्हणायचे, तेव्हा ही प्रगतीच.

"ताई, एक सांगू? अजून कुणाजवळ बोलू नका."

"दिवसभर मेलेल्यांच्यात बसते मी. कुणाजवळ बोलणार?"

"पठारावरचा ससा वेगळी जात म्हणून जाहीर करतेय मी. लेख जवळजवळ झालाय. आणि त्याला नाव देतेय..." त्या थांबल्या. मग त्यांनी माझ्या मामाचं नाव घेतलं. आडनावासकट.

मी म्हटलं, "थट्टा करू नका. आमच्यात नावं सशांना ठेवत नाहीत, आम्हाला ठेवतात."

"थट्टा नाही. मोठ्या साहेबांनी ससे गोळा केले म्हणतात, पण सोललं कुणी, मोजलं कुणी? सगळा लेख त्यांच्या मापांवर उभा आहे. नाव त्यांचंच हवं."

खरं सांगते, मला साहेब लोकांबद्दल चांगलं बोलायची सवय नाही. पडलेली सुई शोधायला खाली वाकले.

आता सशांची गोष्ट सांगितली पाहिजे. शहराच्या उत्तरेला, दोन दिवसांच्या वाटेवर, एक उंच पठार होतं. होतं म्हणते, कारण आता त्यावर धरणाचं पाणी आहे. एकेचाळीस वर्षांपूर्वी, धरण व्हायच्या आधी, मोठे साहेब तिथे मोहीम घेऊन गेले. बरोबर चार हमाल, एक स्वयंपाकी आणि माझा मामा. एकतीस ससे आणले. खालच्या सपाटीवरचे चाळीस ससे आमच्याकडे आधीचेच होते, तेही मामाच्याच हातचे. साहेबांनी लेबलं मांडून बघितली. खालच्यांचा कान अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे एक मिलिमीटर. वरच्यांचा चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

का झालं, तेही सांगते, कारण हे शास्त्र खरं आहे आणि मला आवडतं. कान म्हणजे अंगाची उघडी खिडकी. पातळ कातडं, आत रक्ताच्या बारीक शिरा. अंगातली ऊब तिथून बाहेर जाते. गरम मुलखात ती जायला हवी असते, थंड मुलखात जाऊन चालत नाही. आमच्या नऊ नंबरच्या कपाटात दोन कोल्हे शेजारी शेजारी आहेत. वाळवंटातल्याचे कान सुपाएवढे, अंग माझ्या हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढं. बर्फातल्याचे कान कोटाच्या गुंडीएवढे, अंग ठेंगणं, गोल, लोकरीच्या गुंड्यासारखं. हजारो पिढ्या ज्या जागेत जगावं, ती जागा अंगाला कापत, ओढत, दाबत बसते. शिंप्याला एक वेळ सांगता येतं, इथे सैल ठेव. जागेला नाही सांगता येत.

तर पठारावरच्या सशाचे कान लहान, हे नियमात चपखल बसलं. साहेबांनी लेख छापला. त्यात ससे तीस. एकतिसावा, म्हणजे खरं तर पहिला, नंबर एक, त्यांनी वगळला होता. त्याच्या लेबलावर कान नव्व्याण्णव लिहिलेला. लेखाच्या खाली बारीक अक्षरात तळटीप: 'क्रमांक एक वगळला आहे, सोलणाऱ्याच्या मोजणीतील चूक.'

बघा, छापखान्यापर्यंत आमची जात पोचली ती अशी.

नवी जात म्हणायचं धाडस साहेबांनी केलं नाही. ते आता मॅडम करत होत्या. पठारावर पाणी, ससे गेलेले, सोमल चोळलेल्या कातड्यांतून ते डीएनए म्हणतात ते काही निघेना. उरली ती लेबलं.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. मामा शहात्तरचा. छातीत पाणी होतं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, पण कॅलेंडरकडे बघायला लागले होते. दार मामीने उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं.

मामी म्हणाली, "सशाला याचं नाव? पन्नास वर्षं मी त्याला ससा म्हणतेय, माझा फोटो कुणी छापला नाही तो!" आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

मामा खिडकीशी बसला होता. तो हसला नाही. त्याने विचारलं, "कुठला ससा?"

"पठारावरचा. आखूड कानाचा."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावर पाण्याचा पाइप. एवढं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"सुई," तो म्हणाला. मला तो सुई म्हणतो, लहानपणी किडकिडीत होते म्हणून. "चहा घेऊन जा."

मला वाटलं, आनंद झालाय आणि दाखवता येत नाही. आमच्या घरात आनंद दाखवायची कुणाला सवय नाही.

आठ दिवसांनी मॅडमनी मला फोटोंसाठी ससे काढायला सांगितले. पठारावरच्या सशांचं कपाट कुलूपबंद असतं. वर्षातून दोनदा आम्ही खण उघडतो, डांबराच्या गोळ्या बदलतो, बंद करतो. त्या सशांना मोजपट्टी कुणी लावलेली नव्हती. लावायचं कारणच नाही. वाळलेलं कातडं कुणी मोजत नाही, ते आखडलेलं असतं. आकडा हवा तर लेबल वाचायचं. शास्त्रज्ञ लेबल वाचतात, आम्ही कातडं झाडतो. दोघांची नजर एका जागी पडत नाही.

फोटोत मात्र शेजारी मोजपट्टी ठेवावी लागते, बघणाऱ्याला आकार कळावा म्हणून. चौदा नंबरचा ससा मी काळ्या कापडावर उताणा ठेवला, कानाशेजारी पट्टी ठेवली, लेबल सरळ केलं. कॅमेऱ्यातून बघितलं. कान पट्टीवर पंच्याऐंशीला संपत होता. लेबलावर लिहिलं होतं, पंच्याऐंशी.

मी कॅमेरा खाली ठेवला.

जुळलं होतं, आणि जुळायला नको होतं. ताजा कान पंच्याऐंशी असेल तर वाळून तो त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर व्हायला हवा. मी बावीस वर्षं कान वाळवतेय. शंभराचा सत्त्याऐंशी होतो. याला अपवाद नाही. लेबल चुकीचं असतं तर मी म्हटलं असतं, होतं असं. लेबल बरोबर होतं म्हणून मी पुढचा ससा काढला.

पंधरा नंबर. लेबल सत्त्याऐंशी, पट्टी सत्त्याऐंशी. सोळा नंबर. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. जेवायच्या सुट्टीत मी तीसच्या तीस मोजले. मग खालच्या सपाटीवरचे दहा काढले. लेबल शंभर, पट्टी सत्त्याऐंशी. लेबल अठ्ठ्याण्णव, पट्टी पंच्याऐंशी. वरचा ससा आणि खालचा ससा, दोघांचे वाळके कान मी शेजारी ठेवले. सारखे. केसभर फरक नाही.

पठाराने सशाचा कान आखूड केलाच नव्हता. मामाने वरच्या सशांचे कान वाळल्यावर मोजले होते, ताज्याच्या जागी लिहिले होते, आणि गप्प बसला होता. ज्या मापांवर मॅडमनी त्याला नाव दिलं, ती मापंच खोटी होती.

एक नंबरही मोजला. लेबल नव्व्याण्णव, पट्टी शहाऐंशी. तो मला त्या घाईत कळला नाही. मी खण लावला, कुलूप घातलं, आणि मॅडमना म्हटलं, डोकं दुखतंय.

मामी दारातच भडकली. "बरं झालं आलीस. आठ दिवस झाले, घास गिळत नाही हा माणूस. नाव जिवंतपणी देतायत ना? मग तोंड असं पाडून का बसलाय?"

मी आत गेले आणि खुर्ची ओढून समोर बसले. मला आडवळणाने बोलता येत नाही.

"मामा, चौदा नंबरचा कान पंच्याऐंशी आहे."

"लेबलावर आहे ते."

"पट्टीवरही आहे."

त्याने डोळे मिटले. मी सगळे आकडे सांगितले नाहीत. त्याला गरज नव्हती.

"किती मोजलेस?"

"सगळे."

"सुट्टीत?"

"हो."

"जेवली नसशील," तो म्हणाला. मामी कपाळाला हात लावून तिथेच स्टुलावर बसली. तिला कान कळत नव्हते, पण नवरा कळत होता.

मग मामा बोलला. मध्ये मध्ये दम लागत होता, थांबत होता.

"वर थंडी होती म्हणजे काय, तुला सांगून कळायचं नाही. फास संध्याकाळी लावायचे. सकाळी जाऊन बघावं तर ससा लाकूड झालेला. भिंतीला टेकवला तर उभा राहील असा. अंग मोजायचं, पाय मोजायचा, ते हाडात असतं, काही होत नाही. पण कान? पहिल्या दिवशी पहिला ससा. कान मागे चिकटून गोठलेला. सरळ करायला गेलो तर कट्कन मोडला. पापडासारखा. हातात कान आणि फळीवर ससा."

"मग?"

"साहेबांनी बघितलं. तंबूतून बाहेर आले, शेगडीजवळून, हातात कप. म्हणाले, आणखी एक कान मोडलास तर इथून चालत खाली जायचं. दोन दिवसांची वाट, बर्फ पडायला आलेलं. तुझी आई आजारी होती तेव्हा, तू सहा वर्षांची. पगार माझा एकट्याचा." त्याने पाणी मागितलं, एक घोट घेतला. "दुसऱ्या सशापासून मी कानाला हात लावला नाही. स्वयंपाक्याच्या चुलीशी अंग सोलण्यापुरतं मऊ करायचं, कान तसाच गोठलेला ठेवून सोलायचा. खाली मुक्कामावर आलो पंधरा दिवसांनी, तोवर सगळं वाळलेलं. लेबलावर कानाची जागा रिकामी. रिकामी दिसली असती तर पुन्हा तेच. मोजले, लिहिले."

"आणि सांगितलं नाहीस."

"तेव्हा वाटलं, दहा-बारा मिलिमीटर. कुणाचं काय अडणार आहे? मग साहेबांचा लेख आला. सगळ्यांना पेढे नाही का वाटत, तसे ते लेख वाटत होते. मला बोलावून वाचून दाखवला. थंडीने कान आखूड झाले म्हणे." तो हसला आणि खोकला, दोन्ही एकदम. "झाले होतेच की थंडीने. फक्त सशाच्या अंगात नाही, माझ्या लेबलात."

मला त्याचा राग आला होता आणि साहेबाचा त्याहून जास्त. पण साहेब मरून पंधरा वर्षं झाली होती. मेलेल्यावर राग काढायचा तर कातडंही हाताशी नव्हतं.

"सुई, गप्प राहशील?" तो म्हणाला.

मामीने मान वर केली.

"चार हजार कातडी केली. एवढं एक दे मला. लेख छापू दे. मी काय फार दिवस आहे?"

मामाने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. माझी आई गेल्यावर त्याने मला वाढवलं, हातात सुई दिली, साहेबांच्या पाया पडून नोकरीला लावलं. आणि मी? मी रोज उठून बोंबलत आले की आमच्या लोकांची नावं कुठे नाहीत. आता एक येत होतं, तर ते पुसायला मीच पट्टी घेऊन बसले होते.

मी म्हटलं, "शुक्रवारी फोटो द्यायचेत. तू नको म्हणालास तर मी तोंड उघडणार नाही. पण फोटोतली पट्टी मी काढणार नाही. पट्टी तिथेच राहील, लेबलही. कधीतरी कुणीतरी दोन्ही एकदम बघेल."

"म्हणजे मला सोडत नाहीस."

"तूच शिकवलंस, पट्टीशिवाय फोटो नाही."

"शिकवायला नको होतं," तो म्हणाला. मामी मध्येच म्हणाली, "आता उशीर झाला," आणि आम्ही तिघंही थोडं हसलो. हसायची वेळ नव्हती.

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा आठवलं. "एक नंबरचं काय झालं मग? त्याचा तेवढा चुकलास? लेबल नव्व्याण्णव, पट्टी शहाऐंशी."

मामा ताठ बसला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला.

"चुकलो? अगं, तो एकच बरोबर आहे! मोडलेला कान मी काखेत धरला, तासभर. मऊ झाला. नीट मोजला. नव्व्याण्णव. मग शिवला जागेवर." थांबून म्हणाला, "शिवण दिसली तुला?"

"नाही."

"नाही ना? उजवा कान. मुळाशी खाच असते ना, तिच्या वर. नाही दिसायची."

एकतीस सशांत एकच खरा आकडा, आणि तोच चूक म्हणून काढून टाकलेला. बाकीच्या तिसांनी साहेबांना हवं ते सांगितलं, म्हणून त्यांचं कुणी काही तपासलं नाही. नियमात बसणाऱ्याला कुणी हटकत नाही. दारावरचा वॉचमनही असाच असतो, बुटांकडे बघतो आणि सोडतो.

"मामा, तळटीप माहीत आहे तुला?"

"म्हण."

"क्रमांक एक वगळला आहे. सोलणाऱ्याच्या मोजणीतील चूक."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्याने काळ्या नखाने खुर्चीच्या हातावर एक रेघ ओढली.

"मॅडमच्या लेखात आहे का हे?"

"हेच उतरवलंय. शब्दाला शब्द."

"म्हणजे वर माझं नाव आणि खाली माझी चूक," तो म्हणाला. "जा तू आता."

शुक्रवारी सकाळी मी फोटोंचं पाकीट घेऊन मॅडमच्या टेबलाशी उभी होते, तेव्हा जिन्यातून खोकला ऐकू आला. तो खोकला मी इमारत कोसळली तरी ओळखेन. मामा वर येत होता. मामी मागून त्याला ढकलत होती आणि त्याच्याशी भांडतही होती. "म्हटलं होतं, फोन कर. फोनवर कान दाखवता येत नाही म्हणे!"

मॅडम धावल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांना वाटलं, आभार मानायला आलेत. त्यांचा चेहरा इतका उजळला की माझ्याच्याने बघवेना.

मामाला दम मिळाला तसा म्हणाला, "सुई, चौदा नंबर काढ." आणि मॅडमना, "तुम्ही मोजा. कॅलिपरने. हिने नको, मी नको."

मॅडमनी मोजला. लेबल बघितलं. पुन्हा मोजला. मग माझ्याकडे वळून न बोलता हात पुढे केला, मी पंधरा नंबर दिला. सातव्या सशानंतर त्यांनी कॅलिपर ठेवला आणि खालच्या सपाटीवरचा एक मागितला. त्यानंतर त्या खुर्चीत बसल्या. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला, मग टेबलावर गेला.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं लेबलं वाचली मी. एक कान हातात घेतला असता तर..."

"तुमच्यात घेत नाहीत," मी म्हटलं. बोलायला नको होतं. त्यांना लागलं. पण खरं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज चढला. चढायलाच हवा होता, त्यांचंही काही जात होतं.

"साहेबांना आखूड कान हवे होते," मामा म्हणाला. "मी दिले. ते मुद्दाम नाही दिले, भीतीने दिले. नंतर कळलं, तरी परत नाही घेतले. ते मात्र मुद्दाम."

मामी भिंतीवरच्या हरणाच्या डोक्याकडे बघत होती.

"म्हणजे वेगळी जातच नाही," मॅडम म्हणाल्या. "पण का नाही? एवढी थंडी, एवढी उंची. कान बदलायला हवा होता."

"तळपायाची लव दाट आहे त्यांची," मामा म्हणाला. "बोट फिरवा. खालच्यांपेक्षा दाट. तेवढं पठाराने केलंय. पण कान नाही. कारण ते वर राहतच नव्हते. बर्फ वाढलं की खाली उतरायचे, खालच्यांच्यात मिसळायचे, उन्हाळ्यात पुन्हा वर. पायवाटा होत्या त्यांच्या, हमालांनी दाखवल्या मला. उंची किती का असेना, जा-ये चालू असली की वेगळं कसं होणार?"

मॅडमनी वही ओढली. "हे कुठे लिहिलंय?"

"कुठे लिहिणार? लेबलावर जागा नव्हती."

त्या हसल्या नाहीत, पण लिहायला लागल्या. पायवाटा कुठून, हमाल कुठले, महिना कोणता. मामा सांगत होता. अर्ध्या तासाने त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "नाव देता येणार नाही मला. माफ करा."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "मी दुसऱ्या कामाला आलोय. कोरी लेबलं आहेत?"

मी खणातून गठ्ठा काढला. त्याला बॉलपेन चालेना, दौत-टाक मागितला. तो मी कपाटाच्या तळातून शोधला. पहिल्या लेबलावर त्याने लिहिलं: 'कान वाळल्यावर मोजला आहे. ताजा धरू नये.' खाली कायद्याप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. त्याने टाक क्षणभर वर धरला. चार हजार लेबलं लिहिलेला हात, आणि स्वतःचं नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. मग तारीख.

मामी फुंकर मारून शाई वाळवत होती. मी दोरा ओवून बांधत होते. मॅडम खणातून ससे देत होत्या आणि ठेवत होत्या. तीस लेबलांना दुपार झाली. बाविसाव्याला त्याने टाक ठेवून खांदा चोळला, तशी मामी म्हणाली, "बास, उरलेली ही लिहील." तो म्हणाला, "हिने चुका कराव्यात आपल्या, मग लिहावं." नाव आता वाकडं येत नव्हतं.

शेवटी एक नंबर उरला.

मॅडमनी तो स्वतः आणून त्याच्यासमोर ठेवला. मामाने लेबल लिहिलं: 'कान ताजा मोजला. ९९. बरोबर आहे.' नाव घातलं. ते मला त्याने बांधू दिलं नाही. स्वतः बांधलं, दोन गाठी मारल्या, टोक दाताने तोडलं. सोमलाचं कातडं आणि दात! मी ओरडले. त्याने लक्ष दिलं नाही.

मग त्याने ससा उचलला, उजेडाकडे धरला आणि उजव्या कानाच्या मुळाशी अंगठा फिरवला. खाचेच्या वर. पुढून, मागून, मग नखाने.

"चष्मा दे," मामीला म्हणाला.

चष्मा लावून पुन्हा बघितलं. मॅडम वाकल्या, मीही वाकले. मामाने कान उलटा केला, लव फुंकून बाजूला सारली, अंगठा पुन्हा फिरवला.

"सुई," तो म्हणाला, "शिवण कुठे घातली होती गं मी?"